प्रसादाच्या पातेल्यात भांग नको : खान्देशातल्या मंडळांना खुले पत्र

प्रति,
महाशिवरात्र, धुळवड आणि रंगपंचमीला ठंडाईचं पातेलं मांडणारी जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतली तरुण मंडळं, देवस्थानांचे विश्वस्त आणि पंगतीचे आचारी यांस,

भाऊंनो, दादांनो, सप्रेम नमस्कार.

महाशिवरात्र तोंडावर आली आहे. वर्गणीच्या पावत्या फाटू लागल्या असतील, मांडववाल्याला विसार गेला असेल. ठंडाईचं सामानही याच आठवड्यात भरलं जाईल. बडीशेप, मिरे, खसखस, मगज, बदाम, वेलदोडे, गुलाबपाकळी. काही ठिकाणी या सामानाबरोबर आणखी एक पुडी येते. किराण्याच्या यादीत ती लिहिलेली नसते, पण ती कुणी आणायची हे मात्र ठरलेलं असतं. हे पत्र त्या पुडीबद्दल आहे.

माझं मागणं आधीच सांगून टाकते. देवाच्या नावानं गर्दीला जे वाटलं जातं त्यात भांग घालू नका. ठंडाईत नको, भज्यांच्या पिठात नको, पेढ्या-बर्फीत नको. आणि कुणी आपल्या घरात आपल्यापुरतं काही करत असेल, तर त्या घरातल्या प्रत्येकाला, सासूपासून पाहुण्यापर्यंत, घास तोंडात जाण्याआधी ते कळलं पाहिजे.

माझी सगळी नोकरी सरकारी ग्रामीण रुग्णालयांत परिचारिका म्हणून झाली. आता निवृत्त आहे. शिवरात्रीची रात्र आणि धुळवडीची दुपार या दोन पाळ्या आम्ही कुणीच मागून घेत नसू. मारामाऱ्या, मोटारसायकलवरून पडलेले, रंग डोळ्यांत गेलेले, हे सगळं यायचंच. त्यातच असे काही जण यायचे की त्यांना काय झालंय हे त्यांनाही सांगता येत नसे आणि आणणाऱ्यांनाही. छाती धडधडते म्हणून घाबरलेली पन्नाशीची बाई. भिंत धरूनही उभा राहता न येणारा म्हातारा. मरतोय, मरतोय असं ओरडत अंगावरचे कपडे ओढणारा कॉलेजातला मुलगा. खोदून खोदून विचारलं की शेवटी निघायचं: मंडळाची ठंडाई प्यायलो होतो.

दारूचा पेला हातात घेणाऱ्याला आपण काय घेतोय हे माहीत असतं. प्रसादाचं तसं नाही. प्रसाद आपण उजव्या हाताच्या ओंजळीत घेतो, कपाळाला लावतो आणि तोंडात टाकतो. त्यात काय आहे असं कुणी विचारत नाही, विचारणं बरं दिसत नाही. प्रसादाला नाही म्हणू नये असं आपणच पोरांना लहानपणापासून शिकवलंय. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर जाणारी, प्रकाशाला तापीवर जाणारी माणसं दिवसभराचा उपास धरून येतात. परतीच्या वाटेवर गावात कुणी थंडगार दूध पुढं केलं तर ती विश्वासानं पितात, आणि तीही रिकाम्या पोटी. अन्नात काही मिसळून ते न सांगता देणं वाईटच. पण ज्या अन्नाला नकार देताच येत नाही त्यात मिसळणं मला सगळ्यांत वाईट वाटतं.

आता पातेल्याबद्दल बोलू, कारण माझ्या मते निम्मा घोळ तिथेच होतो. पाट्यावर वाटलेला भांगेचा गोळा दुधात कालवला की तो साखरेसारखा विरघळत नाही. त्यातलं चढणारं द्रव्य पाण्यात मिसळत नाही, ते स्निग्धाला धरतं. म्हणून तर आपल्या जुन्या लोकांनी दूध, साय, तूप, बदाम यांच्याबरोबरच भांग घेतली. वाटणाचा चोथा जड, तो हळूहळू तळाशी बसतो. वरचे पेले हलके जातात. डाव खाली खाली जाऊ लागला की पेला गडद होत जातो. आणि आपल्याकडे शेवटी कोण पितं? आधी पाहुणे, मग गावातले पुरुष, मग कार्यकर्ते, आणि सगळ्यांत शेवटी बायका आणि त्यांच्या पदराला धरून उभी असलेली लेकरं. ज्यांना सगळ्यांत कमी जायला हवं, किंवा मुळीच जायला नको, त्यांच्या वाट्याला तळ येतो. पोरांसाठी साधी ठंडाई वेगळी ठेवलीय असं तुम्ही म्हणता. ती शेजारच्याच तसल्याच स्टीलच्या पातेल्यात असते, डाव दोन्हींत एकच फिरतो आणि रात्री नऊनंतर कुठलं कोणतं हे वाढणाऱ्यालाही आठवत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

प्रमाणाचंही तसंच. “आमचा आचारी अंदाजात पक्का आहे,” असं मंडळातली मुलं सांगतात. मीठ-तिखटाचा अंदाज जिभेनं घेता येतो, भांगेचा कशानं घेणार? पान कुठल्या झाडाचं, नर की मादी, कोवळं की जून, त्यात फुलोऱ्याचे शेंडे किती आले, ते भाजलं किती, उकळलं किती, या प्रत्येकावर जोर बदलतो. कच्च्या पानातलं द्रव्य जवळजवळ चढतच नाही, उष्णता लागली की त्याचं रूप बदलतं आणि मगच चढतं. त्यामुळे गेल्या वर्षीच्या मुठीवरून यंदाची मूठ ठरवता येत नाही. काही लोक भांग तेज करायला धोत्र्याचं बी घालतात. देवाला धोतरा वाहिला म्हणून माणसाला तो पचत नाही. धोत्र्यानं माणूस भ्रमिष्ट होतो, लघवी तुंबते, नाडी सुटल्यासारखी पळते आणि जीवही जातो.

यापुढचं जरा लक्ष देऊन वाचा, कारण पाहिलेल्या केसेसपैकी बऱ्याच याच एका अज्ञानातून आल्या होत्या. याच झाडाचा ओढलेला गांजा काही मिनिटांत डोक्यात जातो. खाल्लेली किंवा प्यायलेली भांग पोटातून, मग यकृतातून जाते. तिला चढायला अर्धा तास ते दोन तास लागतात, भरल्या पोटी त्याहूनही जास्त. यकृतात तिचं दुसऱ्या द्रव्यात रूपांतर होतं आणि ते मेंदूवर जास्त जोरानं काम करतं. माणूस पहिला पेला पितो, अर्धा तास वाट पाहतो, काहीच होत नाही म्हणून दुसरा पितो, कुणी हिणवलं म्हणून तिसरा. मग तिन्ही एकदम चढतात. चढलेलं सहा-आठ तास उतरत नाही, जास्त गेलं असेल तर दुसरा दिवस उजाडतो. मधल्या वेळात तो मोटारसायकलला किक मारून घरी निघालेला असतो. पेला देताना तो शुद्धीत होता, एवढंच तुम्ही पाहिलेलं असतं.

लहान मुलांची गोष्ट आणखी वेगळी. एका शिवरात्रीला रात्री एक आजी नातीला खांद्यावर टाकून धावत आली. पोरगी सहा-सात वर्षांची. कपाळावर भस्माचे तीन पट्टे तसेच. मान लुळी पडलेली, डोळे लाल, ओठ कोरडे, हाक मारली की पापणी अर्धी उघडायची आणि मिटायची. “पोरनी काय खादं वं?” मी विचारलं. “काहीच नही माय, उपास व्हता तिना. परसादच लिना,” आजी म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं.

आता ड्यूटीवरच्या डॉक्टरनं काय समजायचं? आपला भाग कापसाचा, केळीचा. घराघरात फवारणीची बाटली असते. सुस्त पडलेलं लेकरू आलं की पहिला संशय कीटकनाशकाचा. मग मण्यारीचा, कारण मण्यार चावल्याची खूण बहुतेक वेळा सापडत नाही आणि पापण्या अशाच मिटतात. मग मेंदूज्वराचा. डॉक्टरनं बाहुल्या पाहिल्या, तोंडाचा वास घेतला, नखानखात चावा शोधला. नाडी आधीच वेगात होती. कीटकनाशक समजून त्यावरचं औषध, ॲट्रोपिन, टोचलं असतं तर ती आणखी पळाली असती. सर्पदंश समजून लस दिली असती तर तिचीही प्रतिक्रिया येऊ शकते. शेवटी सलाइन लावून तिला जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवायची चिठ्ठी लिहिली गेली. तिथं डोक्याचा फोटो, पाठीच्या मणक्यातून पाणी काढणं, हे सगळं त्या एवढ्याशा जिवाला भोगावं लागलं असतं. ॲम्ब्युलन्स दारात लागली तेव्हा तिचा काका आत आला. इतका वेळ तो बाहेर मोटारसायकलवर बसून होता. मंडळाचाच कार्यकर्ता. त्यानं खाली मान घालून सांगितलं की बर्फीत भांग होती, पोरीनं दोन वड्या खाल्ल्या असाव्यात. पोलीस केस होईल म्हणून तो घाबरला होता.

पोरगी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नीट बोलली. ती वाचली याचा आनंद आहेच, पण त्या काकाचं गप्प बसणं माझ्या मनातून अजून जात नाही. तो वाईट माणूस नव्हता. पुतणीवर त्याचा जीव होता. तरीही भीतीनं त्याचं तोंड बंद राहिलं. विषबाधेच्या रुग्णाची नोंद पोलिसांकडे जाते, हे मी लपवत नाही. पण नोंद होईपर्यंत उपचार थांबत नाहीत, आणि खरं एक वाक्य मिळालं तर निम्म्या तपासण्या वाचतात. भांगेवर उतारा नाही. श्वास, नाडी, साखर यांवर नजर ठेवायची, कुशीवर निजवायचं, वाट पाहायची. क्वचित लहान मुलाचा श्वास इतका मंदावतो की नळी घालावी लागते. म्हणून ते दवाखान्यातच असायला हवं, घरातल्या खाटेवर नाही.

घरगुती उपायांनी तर जीव नकोसा होतो. लिंबू पिळा, लोणचं चाटवा, ताक पाजा, बोटं घालून ओकारी काढा. शुद्ध हरपत चाललेल्या लेकराच्या तोंडात काहीही ओतलं की ते श्वासनळीत जाऊ शकतं. भांगेपेक्षा त्या लिंबानंच जास्त घात व्हायचा. काही पाजू नका. 108 ला फोन करा आणि काय खाल्लं ते सांगा.

कायद्याबद्दल मंडळांत एक वाक्य ठरलेलं आहे: “गांजावर बंदी आहे, पानावर नाही.” अर्धं खरं आहे. 1985 च्या अंमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. पण तिथं गोष्ट संपत नाही. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू आहे आणि परवान्याशिवाय ती करणं, जवळ ठेवणं, घेणं हा आपल्या राज्यात गुन्हा आहे. मध्य प्रदेशात परवान्याची भांगेची दुकानं आहेत, म्हणून तिकडून आणलेला गोळाही कायदेशीर, असं समजू नका. पळासनेर ओलांडून तो आपल्या हद्दीत आला की आपला कायदा. शिवाय वाळवून चुरलेल्या पुडीत नुसतं पान आहे की शेंडेही, हे तुम्ही कसं ओळखणार? शिरपूरकडच्या सातपुड्यात तुरी-कापसाच्या आड लावलेला गांजा पोलिसांनी वेळोवेळी उपटलाय, हे आपण पेपरात वाचतोच. स्वस्तातली पुडी कुठून येते याचा विचार करा. शेंडे निघाले तर थोड्या प्रमाणालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी आहे.

यापेक्षा मला महत्त्वाचे वाटतात ते दुसरे दोन कायदे, कारण ते न सांगता खाऊ घालण्याबद्दल आहेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम 123 खाली, इजा होईल हे माहीत असताना कुणाला गुंगीचा किंवा नशेचा पदार्थ देणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 77 खाली मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. हळदीच्या रात्री नवरदेवाच्या मित्रांनी वऱ्हाडाच्या भज्यांत “गंमत” म्हणून भांग घालायची, हा प्रकार तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. त्या भज्यांतली चार भजी कुणाच्या तरी आजीच्या ताटात जातात. तिला बीपीची गोळी चालू असते, रक्त पातळ करायची गोळी चालू असते. रात्री मोरीकडे जायला उठली की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि ती पडते. खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाचं पुढं काय होतं ते मी वॉर्डात पाहिलंय.

हल्ली यात मोबाईलची भर पडली. घरच्या गॅसवर भांगेचं तूप, गांजाचं लोणी, त्याचा केक असे व्हिडिओ पोरं पाहतात आणि आईबाप शेतात गेले की करून बघतात. ज्या देशांत हे विकायला परवानगी आहे, तिथं ते मोजून विकलं जातं. कॅनडात एका पाकिटात 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी, म्हणजे ते चढणारं द्रव्य, घालता येत नाही. पाकीट पोरांना सहज उघडता येणार नाही असं असावं लागतं, त्यावर इशारा छापावा लागतो. अमेरिकेत राज्याराज्यांचे नियम वेगळे, पण मोजमाप आहे. एवढं असूनही तिथल्या विषबाधा केंद्रांकडे अशा खाऊमुळे बाधलेल्या, 6 वर्षांखालच्या मुलांच्या 2017 साली 207 नोंदी होत्या, त्या 2021 साली 3,054 झाल्या. बहुतेक मुलांनी ते स्वतःच्याच घरात खाल्लं होतं. आपल्याकडे तर फ्रीजमधल्या तुपाच्या डब्यावर कुणी चिठ्ठीही लावत नाही. तो डबा सकाळी आईच्या हाती लागतो, ती वरण-बट्टीवर ओतते आणि अख्खं घर जेवायला बसतं. पानटपरीवर मिळणाऱ्या मुनक्क्याच्या, म्हणजे भांग घातलेल्या, गोळ्याही तशाच. वेष्टण चॉकलेटसारखं, किंमत चॉकलेटएवढी, आणि बापाच्या खिशात सापडली की पोरगं ती चॉकलेट म्हणूनच खातं.

(कुणी म्हणेल, भांगेच्या बियांना तर सरकारनं अन्न म्हणून मान्यता दिलीय. दिलीय, 2021 साली. उत्तराखंडात त्या बियांची चटणी घरोघरी होते आणि ती चढत नाही, कारण बीत ते द्रव्य जवळजवळ नसतंच. तुमच्या पुडीत बिया नसतात. ती चटणी आणि ही ठंडाई एका तागडीत घालू नका.)

परंपरेचं म्हणणं मी टाळणार नाही. भोळ्या शंकराला भांग वाहतात, आमच्याही घरात वाहत आले. गावातली काही जुनी माणसं शिवरात्रीला बोराएवढी गोळी घेऊन, देवळाच्या ओट्यावर भजनाला बसायची आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात, पहाटे उठून घरी जायची. एका शिकलेल्या कार्यकर्त्यानं मला इंग्रजांच्या काळातल्या आयोगाचा दाखला दिला. 1893 साली नेमलेल्या त्या आयोगानं देशभर साक्षी घेतल्या आणि पुढच्या वर्षी अहवालात लिहिलं की बेतानं घेतलेल्या भांगेपासून फारसं नुकसान होत नाही. दाखला खरा आहे. पण तो बेत ठरवणारा स्वतः पिणारा होता. आपण काय घेतोय, किती घेतोय हे त्याला ठाऊक होतं. त्या म्हाताऱ्यांनी आपली गोळी कधी दुसऱ्याच्या नातवाच्या ओंजळीत टाकली नाही. परंपरा सांभाळायचीच असेल तर त्यांची ही रीत सांभाळा. पिंडीवर वाहिलेलं पान पिंडीवरच राहू द्या आणि नंतर निर्माल्यात जाऊ द्या, पातेल्यात नको.

शिवरात्रीच्या आधीच्या बैठकीत हा विषय घ्या, एवढं माझं सांगणं आहे. ठंडाई करा, चांगली करा, बदाम हात सोडून घाला. आमच्या खान्देशातला माणूस भांग नव्हती म्हणून पेला परत करणार नाही. लाऊडस्पीकरवर एकदा जाहीर करा की आमच्या प्रसादात भांग नाही. गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया, हृदयाचे आणि फिटचे रुग्ण, शाळेतली पोरं, सगळी निर्धास्त पितील. आचाऱ्याला पैसे देतानाच बजावा की बाहेरचं काही पातेल्यात पडलं तर पुढच्या वर्षीचं काम गेलं. पातेल्याशी रात्रभर दोन जाणती माणसं उभी ठेवा. मंडळात बायका नसतील तर गावातल्या बचत गटाला विचारा, त्या आनंदानं उभ्या राहतील.

आणि एवढं करूनही कुणाच्या घरात, कुणाच्या पंगतीत हे घडलंच, तर कुणाचं नाव वाचवायचं याचा विचार दवाखान्याच्या दाराबाहेर करत बसू नका. आत या आणि डॉक्टरांना सांगा: भांग होती, इतक्या वाजता, इतकी खाल्ली, उरलेली ही घ्या. वड्या उरल्या असतील तर डबा सोबत आणा.

आपली बहीण,
एक निवृत्त परिचारिका,
धुळे जिल्हा